घरचे ससे आणि वाळल्या गवताची नासाडी

शेतकऱ्यांच्या मासिकांत सशांवर लेख पाहून आमच्या कित्येक वाचकांस हंसूं येईल, हें आम्ही जाणतों. ज्या पृष्ठांवर ज्वारी, ऊस, खिलार बैल आणि विहिरीचें पाणी यांची चर्चा व्हावयाची, तेथें हीं मुलांच्या करमणुकीचीं पांढरीं जनावरें कशास आणावीं? परंतु अलीकडे आमच्या परिचयाच्या बागाईतदारांकडे गेलें असतां एखाद्या तरी पडवींत सशांचा पिंजरा दिसतोच. मुलें आठवड्याच्या बाजारांतून जोडी घेऊन येतात, चार दिवस सर्वजण कौतुक करतात, आणि पांचव्या दिवसापासून घरांत एक नवी कुरबुर सुरू होते. ती कुरबुर गवताची.

आमच्या घरीं ती आमच्या मातोश्रींनीं काढली. "अरे, बैलाच्या तोंडचा घांस काढून तुम्ही सशाच्या पायाखालीं घालतां. खातो तो मूठभर, आणि लोळतो पेंढीवर!" ही गोष्ट २०१९ सालच्या उन्हाळ्यांतली. त्या वर्षीं आमच्या माण तालुक्यांत जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या आणि गवताच्या पेंढीचा भाव विचारण्याची सोय राहिली नव्हती. मातोश्रींचें म्हणणें खोडून काढण्यास आमच्याजवळ कांहींच नव्हतें. रोज सकाळीं पिंजरा झाडून जी पाटी उकिरड्यावर जाई, तींत लेंड्यांपेक्षां गवतच अधिक असे, आणि तें गवत चांगलें, डोंगरचें, आम्हीं दोन मैलांवरून आणविलेलें.

ह्यावर आम्हीं जो उपाय केला तो सर्वस्वीं चुकीचा होता. म्हणून तोच आधीं सांगणें बरें. आम्हीं गवत तोडलें. दिवसाला एक मूठ गवत, आणि बाकीचें पोट भरण्यास बाजरीचे दाणे व शिळ्या भाकरीचे तुकडे. ससे आवडीनें खात. तीन आठवडे सर्व ठीक दिसलें. किंबहुना ते गुबगुबीत झाले म्हणून आम्हांस थोडा अभिमानच वाटला. मग एके दिवशीं नर कोपऱ्यांत अंग आक्रसून बसला. भाकरी पुढें केली तरी तोंड फिरवी. खालीं एकहि लेंडी नव्हती. उन्हाची काहिली आहे, संध्याकाळीं खाईल, अशी आम्हीं समजूत करून घेतली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो मेला. धाकट्या मुलानें दोन दिवस आमच्याशीं बोलणें टाकलें. तालुक्याच्या पशुवैद्यांस आम्हीं सर्व हकीकत सांगितली, तेव्हां ते इतकेंच म्हणाले, "अहो, बैलाला कडबा कमी पडला तर तो वाळतो, सशाला गवत कमी पडलें तर तो मरतो."

याचें कारण समजून घेतल्यावांचून पुढील सर्व लिहिणें व्यर्थ आहे. ससा रवंथ करीत नाहीं. त्याच्या आतड्याच्या वाटेवर एक मोठी पिशवी असते. खाल्लेल्या चाऱ्यांतील बारीक भाग त्या पिशवींत जाऊन आंबतो, आणि लांब जाड तंतु तसेच पुढें ढकलले जाऊन कोरड्या गोल लेंडीच्या रूपानें बाहेर पडतात. पिशवींत आंबलेला भाग मऊ, चकचकीत घोसासारखा निघतो, बहुधा रात्रीं किंवा पहांटे, आणि ससा तो गुदद्वाराशीं तोंड नेऊन परस्पर खाऊन टाकतो. पुष्कळांस हें पाहून किळस येते व तो रोग वाटतो. तो रोग नव्हे. त्याच्या पोषणाचा महत्त्वाचा भाग त्यांत आहे. परंतु हें सारें रहाटगाडगें चालतें तें लांब तंतूंच्या जोरावर. ते कमी पडले कीं आतडें मंदावतें, वायु धरतो, आणि सशास ओकतां येत नसल्यामुळें सुटकेची वाट उरत नाहीं. ज्या सशानें दहा-बारा तास कांहीं खाल्लें नाहीं व लेंडी टाकली नाहीं, त्यास त्याच दिवशीं वैद्याकडे न्यावें. आम्ही जशी संध्याकाळची वाट पाहिली तशी पाहूं नये.

दुसरी गोष्ट दांतांची. सशाचे पुढचे व दाढेचे असे सर्व दांत जन्मभर वाढत असतात. पुढचे दांत वर्षाला दहा सेंटिमीटरांहून अधिक वाढतात. गवताच्या पात्यांत वाळूसारखा जो कठीण अंश असतो, त्यावर तासन् तास घासूनच ते झिजतात. दाणा किंवा भाकरी चावून ते झिजत नाहींत. मग दाढांना धारा फुटून जीभ व गाल कापले जातात. सारांश, सशापुढें वाळलें गवत अहोरात्र असलेंच पाहिजे. बचत करावयाची ती त्याच्या पोटाला चिमटा घेऊन नव्हे. जें तो खात नाहीं, तुडवितो, भिजवितो, त्यांतच बचतीला जागा आहे.

येथें एक गोष्ट ओघांत सांगून ठेवितों. हे पाळीव ससे आणि आपल्या माळावर उड्या मारणारा रानससा एक नव्हेत. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळांत राहणारा. त्याचीं पिल्लें उघडीं व डोळे मिटलेलीं जन्मतात. रानसशाचीं पिल्लें अंगावर केंस घेऊन व डोळे उघडून येतात. खुरपतांना सांपडलेलें रानसशाचें पिल्लूं घरीं आणण्याची मुलांना हौस असते. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तें धरणें व पाळणें मना आहे, आणि तें पिल्लूं बहुधा जगतहि नाहीं. त्यास होतें तेथेंच ठेवावें. त्याची आई संध्याकाळीं येते.

आतां हिशेब. दोन किलो वजनाचा ससा दिवसाला सुमारें साठ ते शंभर ग्रॅम वाळलें गवत खातो. म्हणजे वर्षाला बावीस ते छत्तीस किलो. बैलाला दिवसाला सहा-सात किलो वाळली वैरण लागते, हें लक्षांत घेतां सशाचें वर्षाचें खाणें बैलाच्या चार-पांच दिवसांचें ठरतें. हा आंकडा आम्हीं मातोश्रींपुढें मांडला, तेव्हां त्यांनीं विचारलें, "मग पोतीं जातात कुठें?" प्रश्न अगदीं रास्त होता. तो सोडविण्यासाठीं आम्ही उरलेल्या मादीच्या पिंजऱ्याशीं तीन रात्री विजेरी घेऊन बसलों. शेजाऱ्यांनीं आमच्याविषयीं काय समजूत करून घेतली असेल ती असो.

जें दिसलें तें असें. आम्ही गवत पिंजऱ्याच्या तळावर टाकीत होतों. मादी प्रथम त्या ढिगावर चढे. मग नाकानें हुंगून आंतलें एखादें पान ओढी, त्यासरशी चार काड्या इकडेतिकडे फेंकल्या जात. पान खाऊन झालें कीं ती त्याच जागीं बसून लेंड्या टाकी व मुते. खातां खातां मलविसर्जन करणें ही सशाची जातच आहे. ती खोड मोडूं म्हणणाऱ्यानें फुकट श्रम करूं नयेत. एकदां मूत लागलेल्या गवतास मग ती तोंड लावीत नसे, आणि तें योग्यच. घाणेरडें गवत खाणारा ससा आजारी पडतो. म्हणजे ढीग जितका मोठा, तितकी तिची बिछायत मोठी! आम्ही दया येऊन जास्त गवत टाकीत होतों, आणि त्या दयेनेंच सर्वांत अधिक नासाडी होत होती.

उपाय येथूनच सुचला. बैलाला गव्हाण आहे, मग सशाला कां नसावी? आम्हीं बांबूच्या कामट्या तासून एक उभी जाळी बांधली, दोन कामट्यांमधील अंतर सुमारें तीन सेंटिमीटर. यांतून सशाचें तोंड पात्यापर्यंत पोंचतें, पण डोकें आंत शिरत नाहीं. अंतर याहून फार ठेवलें तर लहान पिल्लांची मान अडकण्याची भीति, आणि फार कमी ठेवलें तर ससा चिडून जाळीच कुरतडतो. जाळी पिंजऱ्याच्या भिंतीशीं तिरकी लावली, वर झांकण ठेवलें. झांकण नसेल तर ससा उडी मारून गव्हाणींत जाऊन बसतो, हा अनुभव आम्हांस पहिल्याच रात्रीं आला. उंची अशी कीं, ससा चारी पायांवर बसला असतां गवत त्याच्या तोंडासमोर किंवा किंचित् वर येईल. फार उंच टांगलें तर गवताचा कचरा डोळ्यांत व नाकांत पडतो. आमच्या एका स्नेह्यांनीं शिंक्यांत गवत भरून टांगलें होतें; कल्पना सुरेख, पण शिंक्याच्या भोकांत सशाचा पाय गुंतला व तो वेळेवर दिसला म्हणूनच वांचला. दोरीचें जाळें वापरूं नये हें बरें.

खरी युक्ति पुढेंच आहे. नुसती गव्हाण केल्यानें नासाडी थोडीशीच कमी झाली, कारण ससा एक पान खाण्यासाठीं पांच काड्या ओढतो व चार खालीं पाडतो. म्हणून गव्हाणीच्या खालीं वीतभर रुंदीची, कांठ असलेली एक अरुंद फळी बसविली. पडलेल्या काड्या त्या फळीवर साठतात, ससा त्यांतल्याहि कांहीं खातो, आणि राहिलेल्या संध्याकाळीं उचलून पुन्हां जाळींत घालतां येतात. फळी इतकी अरुंद हवी कीं तिच्यावर सशाला बसतां येऊं नये. बसला कीं मुतला. फळीच्या पुढें, जेथें खातांना ससा बसतो नेमक्या त्याच जागीं, जुनी पत्र्याची पाटी ठेवून तींत भाताचा पेंढा पसरावा. सशाला जेथें खाणें तेथेंच मलविसर्जन करावयाचें असतें. मग ती जागा आपणच नेमून दिलेली काय वाईट? आठ-दहा दिवसांत आमची मादी पाटीखेरीज दुसरीकडे क्वचितच मुतूं लागली. त्यामुळें झाडलोटहि निम्मी झाली, हा लाभ आम्ही हिशेबांत धरलाच नव्हता.

बसण्यास व निजण्यास पेंढा किंवा गोणपाट द्यावें; चांगलें गवत अंथरूण म्हणून घालूं नये. भाताचा पेंढा खाण्यास निकृष्ट, पण मूत शोषण्यास उत्तम. एखादी काडी सशानें खाल्ली तरी अपाय नाहीं. उलट, तारेच्या जाळीचाच तळ ठेवून नासाडी टाळूं म्हणणारे पुष्कळ आहेत. गवत खालीं गळून जातें, पिंजरा स्वच्छ दिसतो, आणि सशाच्या मागच्या पायांच्या तळव्यांना जखमा होतात. हा व्यवहार आम्हांस पसंत नाहीं.

कुट्टीविषयीं आमच्या वाचकांच्या मनांत प्रश्न येईलच. कडब्याची कुट्टी केली कीं बैल चघाळ टाकीत नाहीं, वैरण वांचते, हें आम्हीं याच मासिकांत वारंवार लिहिलें आहे. तोच न्याय सशास लावावा काय? लावूं नये. बोटाच्या पेराएवढी कुट्टी जाळींतून गळून जाते, आणि मुख्य म्हणजे ज्या लांब तंतूंसाठीं गवत द्यावयाचें तेच आपण तोडून टाकतों. पण अखंड हातभर लांबीचें गवतहि अडचणीचें. ससा एक टोंक ओढतो आणि त्याबरोबर सबंध झुबका बाहेर येतो. विळ्यानें पेंढीचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे केले म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात.

दोन वेळां, थोडें थोडें, आणि संध्याकाळीं अधिक द्यावें. ससा मावळतीस, रात्रीं व पहांटे चरणारा प्राणी. दुपारीं तो झोंपाळलेला असतो आणि दुपारचें गवत केवळ शिळें होतें. शिळ्या गवताचा वास गेला कीं तो त्यास हुंगून सोडून देतो. सकाळीं जाळींत व फळीवर जें कोरडें, स्वच्छ उरलें असेल तें चाळणींत झाडून धूळ काढावी, उन्हांत तासभर पसरावें, आणि नव्या गवतांत मिसळून वर हरळीचीं हिरवीं पातीं किंवा कोथिंबिरीच्या चार काड्या खोंचाव्या. त्यांच्या शोधांत तो खालचें गवतहि उचकून खातो. लसूणघास मात्र मोठ्या सशांस रोजचा चारा म्हणून देऊं नये. तो वाढत्या पिल्लांना व अंगावर पाजणाऱ्या मादीला ठीक. इतरांच्या मुतांत त्यानें चुन्याचा गाळ वाढतो. कोवळी हिरवी ज्वारी तर जनावरांप्रमाणें सशांपासूनहि दूरच ठेवावी. तिच्यांत विष असतें.

हें सर्व करूनहि जर गवतच वाईट असेल तर नासाडी होणारच. आमच्या मतें अर्ध्याहून अधिक गोष्ट येथें आहे, आणि हीच शेतकऱ्याच्या हातांतली. आपल्याकडे माळाचें गवत बहुधा कापणी-मळणीचीं माणसें मोकळीं झालीं म्हणजे कापतात. तोंवर तें पिवळें पडून बीं झडलेलें असतें, पान गळून नुसती काडी उरते. बैल मुकाट्यानें तें खातो. ससा पानें निवडतो आणि काडी फेंकतो, व आपण त्यास उधळ्या म्हणतों. वस्तुतः काडी आपणच त्याच्या पदरांत घातलेली असते. सशांसाठीं लागणारें गवत थोडें. तेवढ्यापुरतें तरी फुलोऱ्यावर येतांच, आश्विनाच्या सुमारास पाऊस उघडला कीं कापावें. मारवेल, पवन्या हीं उत्तम. कुसळीचें गवत डोंगरावर भरपूर असतें, पण कुसळ धरल्यावर तें सशास मुळींच घालूं नये. तीं कुसळें जिभेंत, हिरड्यांत व डोळ्यांत रुततात, आणि ससा खाणें सोडतो. कुसळ येण्यापूर्वीं कापलेलें चालतें.

कापलेलें गवत एक दिवस उन्हांत, मग सावलींत वाळवावें. उलटापालट सकाळीं, पातें किंचित् दंवानें मऊ असतां करावी. भर दुपारीं कडकडीत वाळलेलें गवत हलविलें कीं पानांचा चुरा तेथेंच मातींत पडतो, आणि खरें सत्त्व पानांत असतें. काडी पिळून पाहावी. ओल न सुटतां ती तुटूं लागली म्हणजे रचण्यास हरकत नाहीं. जमिनीपासून वर, फळ्यांवर किंवा दगडांवर ठेवावें आणि गोणपाटांनीं झांकावें. प्लास्टिकचा कागद गुंडाळला कीं आंत घाम धरतो आणि बुरशी येते. बुरशीचा वास आलेलें गवत, कितीहि महाग घेतलेलें असो, खड्ड्यांत टाकावें. पावसाळ्यांत पडवींतली हवाच ओलसर असते. त्या दिवसांत एका वेळेपुरतेंच बाहेर काढावें, व ऊन पडलें कीं उरलेलें वाळवून घ्यावें. त्याच दिवसांत ओल्या पेंढ्यावर माश्या येऊन सशाच्या घाण झालेल्या केंसांत अंडीं घालतात, म्हणून पाटीतला पेंढा रोज बदलावा.

उरल्या काडीची व्यवस्था दोन प्रकारें लागते. जाळींतली स्वच्छ, न भिजलेली काडी आम्ही बैलांच्या कुट्टींत मिसळतों. त्यास बैल नाक मुरडीत नाहींत. मूत लागलेली मात्र कोणत्याहि जनावरास न देतां कंपोस्टच्या खड्ड्यांत. लेंड्या वेगळ्या काढून वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यांत सरळ घातल्या तरी रोप जळत नाहीं, हें शेणखतापेक्षां अधिक. पण खत चांगलें होतें म्हणून गवत वाया गेलें तरी चालतें, असा युक्तिवाद आमच्या वडील मुलानें केला, तो आम्हीं मान्य केला नाहीं. दोन मैलांवरून आणलेलें गवत खतासाठीं आणलेलें नव्हतें.

२०२० च्या हिंवाळ्यापासून आम्ही ह्या पद्धतीनें चाललों आहों. आतां घरीं तीन ससे आहेत. पूर्वीं दोघांना जें गवताचें पोतें आठ दिवस पुरे, तेंच आतां तिघांना दहा-अकरा दिवस जातें, आणि कोणाच्याहि पोटाला आम्हीं हात लावलेला नाहीं. ह्या वर्षीं बांधाच्या कडेला राहुरीच्या कृषि विद्यापीठानें काढलेल्या फुले मारवेलचे ठोंब लावले आहेत. पहिलें कापड बैलांना द्यावयाचें कीं सशांना, हा वाद घरांत अजून मिटलेला नाहीं. मातोश्री अर्थातच बैलांच्या बाजूनें आहेत. मात्र भाजी निवडतांना कोथिंबिरीच्या काड्या त्या हल्लीं वेगळ्या वाटींत काढून ठेवतात, आणि त्या कोणासाठीं हें विचारलें कीं उत्तर देत नाहींत.